नर-मादी जुळवताना पाय वेगळा, देह वेगळा

भाऊ, तुम्ही विचारलंत की यावलजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, बांधावर सापडलेली लाल मखमली बिनपंखी 'मुंगी' आणि तिथेच उडणारी काळी गांधीलमाशी एकाच जातीची कशी म्हणायची. आधी एक दुरुस्ती: ती मुंगी नाही, गांधीलमाशीच्याच नात्यातली मादी आहे. हिच्या कुळात मादीला पंख नसतात, नराला असतात. म्हणूनच कित्येक जातींचा नर किंवा मादी एकच ठाऊक आहे. आपल्या कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आठवा. पांढरी मेणचट मादी सगळे ओळखतात, पण तिचा इवलासा, एकाच पंखजोडीचा नर कितीजणांनी पाहिलाय?

नुसत्या रंगावर जोडी लावू नका. किड्याचा एक मागचा पाय डीएनएसाठी काढतात आणि बाकी देह जपून ठेवतात. सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि नर-मादीचा तुकडा जुळतो का ते ताडून पाहतात. तो मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला), म्हणजे आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच मिळणारा. म्हणून ही युक्ती इतकी नेमकी बसते!

पण त्यावरच थांबणं मला पटत नाही. किड्यांच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूमुळे हाच तुकडा कधी दोन जातींत सारखा दिसतो. म्हणून पेशीच्या केंद्रकातलं एखादं जनुकही तपासावं आणि नराचं जननांग कॉस्टिक पोटॅश या तीव्र क्षारात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. जवळच्या जातींतले नर बहुधा तिथेच वेगळे पडतात.

नमुने फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होतो. ९५ टक्के अल्कोहोल वापरा. मिलन करताना जोडी दिसली, तर ती एकाच बाटलीत ठेवा.