मदत हवी आहे: 'विच फार्मर हॅज वेल, दॅट फार्मर इज हॅपी' या वाक्याला कोणतं लेबल लावू?

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीपासून एक काम हाती घेतलंय. मुलांच्या निबंधांतली वाक्यं एक्सेलमध्ये उतरवायची आणि कुठल्या वाक्यात व्याकरणाची कोणती गुंतागुंत आहे, त्याची लेबलं लावायची. बिकॉज-इफची क्रियाविशेषणवाक्यं, दॅटची नामवाक्यं, हू-विचची विशेषणवाक्यं आणि नामाला मागून-पुढून चिकटलेले शब्दसमूह, असे रकाने आहेत. धुळ्याचे एक सर, माझे जुने सहकारी, माझी लेबलं न बघता तीच वाक्यं तपासतात आणि मग आम्ही जुळवून पाहतो. पहिल्या ५० वाक्यांत १४ ठिकाणी आमचं जुळलं नाही. भाषाशास्त्राचं किंवा कॉर्पसचं (अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुराच्या संग्रहाचं) काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

नुसती वाक्यांची लांबी का मोजत नाही, असं कुणी विचारेल. ती पद्धत जुनीच आहे. केलॉग हंट या संशोधकाने १९६५ मध्ये टी-युनिट मांडलं: एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली सगळी गौण वाक्यं मिळून एक युनिट. पण भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की गौण वाक्यांची रेलचेल बोलण्यातच जास्त असते, अभ्यासू लेखनातली गुंतागुंत नामाभोवती साठते. वर्गात मला हे रोज दिसतं. मुलगा तोंडी एका 'बिकॉज'ला दुसरं 'बिकॉज' सहज जोडतो, पण 'द लॉस ऑफ बनाना क्रॉप इन द मे स्टॉर्म' एवढं एक नाम कागदावर बांधताना त्याचा हात थांबतो. म्हणून एकच सरासरी आकडा मला नको आहे.

'दॅट'चा घोळ आम्ही बऱ्यापैकी सोडवला. 'द न्यूज दॅट द रेट फेल' आणि 'द न्यूज दॅट ही गेव्ह' दिसायला सारखी. पहिल्यात 'दॅट' काढला तरी 'द रेट फेल' हे पुरं वाक्य उरतं. दुसऱ्यात 'ही गेव्ह' लंगडं पडतं, काय दिलं ते सापडत नाही. म्हणजे दुसरं विशेषणवाक्य. मराठीत तर हा फरक उघडाच आहे: भाव पडल्याची बातमी, आणि त्याने दिलेली बातमी.

इथूनच आमचा वाद सुरू झाला. एका मुलाने लिहिलंय, 'माय फादर सोल्ड बनाना टू अ ट्रेडर इन रावेर.' यातलं 'इन रावेर' व्यापाऱ्याला जोडायचं की विकण्याला? मी मनात मराठी करून पाहिलं. 'रावेरच्या व्यापाऱ्याला' म्हटलं तर ते नामाचं, 'रावेरात जाऊन विकली' म्हटलं तर क्रियापदाचं. मराठीतला 'चा-ची-चे' नामाला बांधलेली गोष्ट लगेच दाखवून देतो. सरांचं म्हणणं, इंग्रजी वाक्याला मराठीचं माप लावणं चूक आहे. शेवटी मी त्या मुलालाच बोलावून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, व्यापारी रावेरचा, पण माल शेतातच मोजला. गाडी बांधावर आली होती." म्हणजे रावेर व्यापाऱ्याचंच. पण दरवेळी मुलाला कुठे विचारत बसणार? आणि लिहिणाऱ्याला विचारून लावलेलं लेबल अभ्यासात चालतं का?

आता शीर्षकातलं वाक्य. वही माझ्यासमोरच उघडी आहे. निळी शाई, 'वेल' आधी एका एलने लिहून दुसरा वरून घुसवलेला. 'विच फार्मर हॅज वेल, दॅट फार्मर इज हॅपी.' सरांनी त्यावर 'चूक, लेबल नाही' असं लिहिलं. मला ते पटत नाही. ज्या शेतकऱ्याकडे विहीर आहे, तो शेतकरी सुखी. मराठीत हे निर्दोष मिश्र वाक्य आहे, 'जो-तो'च्या जोडीचं. पोरीने विशेषणवाक्य मनात नीट बांधलंय, फक्त ते इंग्रजीच्या साच्यात, म्हणजे नामाच्या मागे, बसवलेलं नाही. आमच्या वर्गात कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी लेवा बोली, सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या घरी पावरी. शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी. ही वाक्यं वगळली, तर ज्यांनी सर्वांत जास्त धडपड केली त्यांच्याच नावापुढे शून्य येतं, आणि 'आय लाइक माय व्हिलेज' एवढंच लिहिणाऱ्याची वाक्यं निर्दोष ठरून मोजणीत राहतात. हे मला सलतं.

माझ्या मनात असं आहे की दोन रकाने करावेत. एकात वाक्यात कोणती रचना दिसते ते, दुसऱ्यात ती इंग्रजीच्या नियमात बसते की नाही ते. सरांना भीती वाटते की 'दिसते' म्हणताना आम्ही मुलांच्या मनातलं कागदावर आणू. भीती अगदीच निराधार नाही. अशा 'विच-दॅट'च्या जोड्या तुमच्यापैकी कुणी मोजल्या असतील तर त्या विशेषणवाक्यात धरल्या की वेगळा रकाना केला?

अजून एक. 'ड्रिप लाईन रिपेअर खर्च' असं एकाने लिहिलंय, शेवटचा शब्द मराठीच. नामाआधी नाम ठेवणं ही तर लेखनातली प्रगत खूण मानतात. पण 'ड्रिप लाईन' आमच्याकडे बांधावर अडाणी माणूसही म्हणतो. त्याला दोन नामं धरू की एकच शब्द? मी सध्या एक धरते, सर दोन.

संगणकाकडून करून घ्या, असाही सल्ला मिळाला. एक पार्सर, म्हणजे वाक्याची रचना आपोआप ओळखणारा प्रोग्राम, लावून पाहिला. त्याने प्रत्येक वाक्याला काही ना काही लेबल दिलंच, विहिरीच्या वाक्यालाही, पण कुठे शंका आहे ते कळायला मार्ग नाही. माणसाने लावलेल्या लेबलांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबायची माझी तयारी नाही.

शेवटचं, काप्पाबद्दल. दोघांची लेबलं योगायोगाने जुळण्याची शक्यता वजा करून कोहेनचा काप्पा काढतात, एवढं मला माहीत आहे. पण ज्या ५० वाक्यांवर भांडून नियम ठरवले त्यांवरच तो काढणं मला बरोबर वाटत नाही. नवी १०० वाक्यं मी बाजूला ठेवली आहेत, सरांनाही अजून दाखवलेली नाहीत. एवढी पुरतील का? विशेषणवाक्यांसारखी लेबलं तर त्यांत मोजकीच निघतील. रविवारी आम्ही अमळनेरला भेटणार आहोत, त्याआधी कुणी विहिरीच्या वाक्याबद्दल तरी सांगितलं तर फार उपकार होतील.