मदत हवी आहे: जुन्या पीसीवर साउंड कार्डाचा आवाज येत नाही (तातडीचं)

धाकटा७९:
माळ्यावरचा जुना पेंटियम काढला. सुरू होतो, सगळं चालतं, फक्त आवाज नाही. ड्रायव्हर टाकले, स्पीकर बदलले, कार्ड काढून परत बसवलं. रविवारच्या आत चालू व्हायलाच हवा. कृपया "नवीन घ्या" सांगू नका.

तारकाम:
कार्ड कोणतं? जुन्या आयसा स्लॉटचं की नंतरच्या पीसीआय स्लॉटचं? विंडोज की नुसतं डॉस (आज्ञा टाइप करून चालवायची जुनी सिस्टिम)? एवढ्यावर कोण काय सांगणार?

धाकटा७९:
साउंड ब्लास्टर १६. डॉसच, म्हणून तर विचारतोय. विंडोज ९५ मध्ये आवाज येतो.

निळापडदा:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! म्हणजे कार्ड, वायर, स्पीकर सगळं धड आहे.

रात्रपाळी:
तरी आधी कार्डाचे सोनेरी पाय खोडरबराने घासा. माझ्याकडची दोन कार्डं तेवढ्यानेच बोलायला लागली.

निळापडदा:
पाय खराब असते तर विंडोजमध्येही बोंब असती. आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवं दुखणं. पुसायचेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

रात्रपाळी:
वीस वर्षं रबरच वापरतोय, एकही स्लॉट गेलेला नाही.

तारकाम:
ते राहू द्या. कार्डावर 'सीटी'ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो, तो सांगा.

धाकटा७९:
सीटी२९४०.

तारकाम:
मग हे प्लग अँड प्ले कार्ड, म्हणजे त्याचं सेटिंग प्रोग्रामने करायचं. पत्ता, आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन), डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून डेटा नेण्याची वाट) विंडोज ९५ त्याला नेमून देतं. डॉसमध्ये ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला लागतं. त्यासाठी कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीचं सीटीसीएम आहे, पण मी युनिसाउंड हे दुसरं सॉफ्टवेअर सुचवेन, ते मेमरी अडवून बसत नाही. ऑटोएक्झेक फाइलमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालते ती) आधी ही ओळ (टाइप अर्थात रोमनमध्ये करा):
सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६
आणि तिच्या खाली युनिसाउंड. ए म्हणजे पत्ता, आय आयआरक्यू, डी ८ बिटचा डीएमए, एच १६ बिटचा.

सुरावट:
कार्डावर यामाहाची ओपीएल३ चिप (संगीताचे स्वर तयार करणारी) आहे का तेही बघा. क्रिएटिव्हने पुढे काही कार्डांवर सीक्यूएम नावाची स्वतःची नक्कल बसवली. तिच्यात घंटेसारखे स्वर पार वेगळे वाजतात.

निळापडदा:
इथे आवाजच नाही, तुम्ही घंटा कुठे काढता?

सुरावट:
आवाज आल्यावर कळेलच फरक.

पडदाआड:
डॉसबॉक्स (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका ना नव्या लॅपटॉपवर. पाच मिनिटांचं काम.

धाकटा७९:
लॅपटॉपवर नकोय. दादाने ९६ साली याच मशीनवर, याच कार्डावर ट्रॅकरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, जुळवून संगीत रचायचा प्रोग्राम) धून रचल्या होत्या. तो रविवारी येतोय.
युनिसाउंड टाकलं. गेमचं संगीत आता येतं! पण गेममधले बोलण्याचे आवाज नाहीत, आणि ट्रॅकरमध्ये एकच तुकडा घरघरत राहतो.

तारकाम:
हे आधी सांगितलं असतंत तर दोन दिवस वाचले असते. गेमचं संगीत एफएम चिप (वर म्हटलेली ओपीएल३ किंवा तिची नक्कल) वाजवते, तिला आयआरक्यू लागत नाही. रेकॉर्ड केलेले आवाज डीएमएतून येतात आणि तुकडा संपला की कार्ड आयआरक्यूवरून पुढचा मागतं. हाक पोचली नाही की तोच तुकडा फिरत राहतो. तुमचा ५ नंबरचा आयआरक्यू दुसऱ्या कुणीतरी घेतलाय. अजून कोणती कार्डं आहेत?

धाकटा७९:
डिस्प्लेचं आणि नेटवर्कचं. नेटवर्कचं पीसीआय आहे.

रात्रपाळी:
सुरू होताना शेवटी पीसीआय कार्डांची यादी येते. पॉज दाबून वाचा.

धाकटा७९:
नेटवर्क कार्डासमोर ५ आहे.

निळापडदा:
आय७ करून टाका, सुटले.

तारकाम:
सात सहसा प्रिंटर पोर्टचा असतो, शिवाय काही जुने प्रोग्राम पाचच गृहीत धरतात. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडायचं बोर्डाचं सेटिंग) पीएनपी/पीसीआय पानावर आयआरक्यू ५ लेगसी, म्हणजे जुन्या, आयसासाठी राखून ठेवा. नेटवर्क कार्ड दुसरा नंबर घेईल.

धाकटा७९:
वाजलं!! पहिली धून पूर्ण ऐकली. शेवटी दादा खोकतो, तेही त्याने सॅम्पल म्हणून घातलंय.
पण आज सकाळी मशीन सुरू केलं तर परत घरघर, आणि तारीख १९९४.

रात्रपाळी:
बोर्डावरचा सेल संपलाय, म्हणून बायॉस सगळं विसरतं. नाण्यासारखा असेल तर सीआर२०३२ बसवा. डबीसारखा सोल्डर केलेला असेल तर आजच फोटो टाका, तो गळून बोर्डावरच्या तारा खातो.

धाकटा७९:
नाण्यासारखाच आहे. आणायला निघालो.

सुरावट:
आणि दादाच्या संगीताच्या फाइलींची प्रत काढा. आधी प्रत, मग सेल!