बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणारं मशीन) आयपॅप (श्वास आत घेतानाचा दाब) २२ केला, तरी धाप का कमी होत नाही?

रात्रपाळी_आयसीयू
सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) रुग्ण, उंचीप्रमाणे आदर्श वजन ५५ किलो, रक्ताचा पीएच ७.२९ (आम्लता वाढलेली). फुलफेस मास्क, एकेरी नळीचं सर्किट, एस/टी मोड (रुग्णाने ओढलं की मशीन श्वास देतं, नाही ओढलं तर ठरलेल्या वेळाने आपणहून). १२/४ वर सुरुवात केली (आयपॅप १२, इपॅप म्हणजे उच्छ्वासाच्या वेळचा दाब ४; दोन्ही सेंमी पाण्याच्या दाबात), धाप हटेना म्हणून आयपॅप २२ पर्यंत नेला. स्क्रीनवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ६५० मिली आणि रेट (मिनिटाला श्वास) १६. आकडे झकास, पण मानेचे स्नायू ओढतातच. पोटावर हात ठेवून मोजलं तर मिनिटाला २८. फुप्फुसं आधीच फुगलेली, म्हणून इपॅप ४ च्या वर नेलेला नाही. काय चुकतंय?

डायफ्रॅम
उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २८ वजा १६, म्हणजे मिनिटाला १२ प्रयत्न वाया. रुग्ण ओढतो, मशीनला पत्ताच नाही.

कारण ऑटो-पीप. उच्छ्वास पुरता व्हायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो आणि आत दाब उरतो. तो ९ सेंमी आहे असं धरा. इपॅप ४ असेल तर मशीन जागं व्हायच्या आधी रुग्णाला ५ सेंमी स्वतःच्या ताकदीवर ओढावे लागतात, वर ट्रिगरपुरते (मशीनला श्वासाची चाहूल लागण्यापुरते) थोडे. तेवढ्या ओढीत हवा आत येतच नाही. कडी लागलेलं दार ढकलण्यासारखं. आयपॅप कितीही वाढवा, तो दार उघडल्यानंतरच कामाला येतो. उलट ६५० मिली म्हणजे किलोला जवळजवळ १२ मिली. तेवढी हवा बाहेर पडायला वेळ पुरत नाही, ऑटो-पीप आणखी चढतो.

इपॅपची भीती इथे अनाठायी. बंधाऱ्याखालचं पाणी माथ्याला लागेपर्यंत वरची पातळी वाढत नाही, तसंच हे. इपॅप ऑटो-पीपच्या खाली आहे तोवर फुगवटा फारसा वाढत नाही. ५, ६, ७ असं एकेकाने चढवा, दर पायरीला ५-१० मिनिटं द्या, बीपीवर लक्ष ठेवा. पोटावरचा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला की थांबा. आयपॅप १६-१८ वर आणा.

गळतीशोधक
सायकलिंगही (मशीन श्वास देणं कधी थांबवतं ते) बघा. बऱ्याच मशीनवर ते शिखर-प्रवाहाच्या (आत जाणाऱ्या हवेच्या सर्वाधिक वेगाच्या) २५ टक्क्यांवर असतं. अरुंद श्वासनलिकांत प्रवाह सावकाश उतरतो, त्यामुळे रुग्ण सोडायला लागला तरी मशीन ढकलतच राहतं. श्वास आत जाताना शेवटी पोट घट्ट होत असेल तर हेच. ४०-५० टक्के करा, टीआय मॅक्स (श्वास आत देण्याची कमाल वेळ) १ सेकंदाच्या आसपास.

मास्क गळत असेल तर प्रवाह त्या टक्क्यापर्यंत उतरतच नाही, श्वास टीआय मॅक्सवरच तुटतो. गळतीने उलटा घोळही होतो: रुग्णाने न ओढताच मशीन श्वास देतं आणि स्क्रीनवरचा आकडा पोटापेक्षा जास्त दिसतो. पट्टे करकचून आवळू नका, खाली दोन बोटं गेली पाहिजेत. नाकाच्या हाडावर जखम झाली की रुग्ण मास्क ठेवतच नाही. आधी साइझ तपासा, कवळी काढली असेल तर परत बसवा.

रात्रपाळी_आयसीयू
व्हॉल्यूम घटवला तर कार्बन डायऑक्साइड चढणार नाही?

डायफ्रॅम
वाया जाणारे प्रयत्न थांबले की स्नायूंनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइडही घटतो. तरी अंदाजावर जाऊ नका, तासाभराने एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करा. तो उतरत नसेल तर आयपॅप २-२ ने वाढवा, दरवेळी पोट मोजून. ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये. पीएच खाली जात असेल किंवा रुग्ण गुंगीत जात असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालण्याची) तयारी करा.

गळतीशोधक
आणि नळीवरचं उच्छ्वासाचं भोक चादरीखाली दबलेलं नाही ना, ते बघा. सगळं बरोबर असून कार्बन डायऑक्साइड हटत नसेल तर बऱ्याचदा तेच निघतं.