रेणवीय जीवशास्त्राचा तास उलटा करावा का?

चर्चाप्रस्ताव (अध्यापिका, एम.एस्सी. प्रथम वर्ष)

गेली तीन वर्षे मी रेणवीय जीवशास्त्र फ्लिप्ड क्लासरूम पद्धतीने शिकवते आहे. पूर्वी जो भाग मी फळ्यापाशी उभी राहून सांगत असे, तो विद्यार्थी आदल्या दिवशी वीस मिनिटांच्या चित्रफितीतून आणि नेमून दिलेल्या पानांतून समजून घेऊन येतात आणि तासाचा सगळा वेळ प्रश्न सोडवण्यात जातो. या विषयाला हीच पद्धत योग्य आहे असे माझे ठाम मत झाले आहे, कारण येथील प्रत्येक निष्कर्षामागे एक प्रयोग उभा आहे आणि तो प्रयोग कळल्याशिवाय निष्कर्ष कळला असे म्हणता येत नाही.

मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ सालचा प्रयोग घ्या. डीएनएची प्रतिकृती अर्धसंरक्षी असते, म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी आणि एक नवी साखळी असते, हे वाक्य बी.एस्सी. झालेल्या प्रत्येकाला पाठ असते. पण जड नायट्रोजनात वाढवलेले ई. कोलाय जीवाणू साध्या नायट्रोजनाच्या माध्यमात हलवल्यावर सीझियम क्लोराइडच्या वेगाने फिरवलेल्या नळीत डीएनएचे पट्टे घनतेनुसार कोठे दिसतील, हे तिन्ही गृहीतकांसाठी (अर्धसंरक्षी; संरक्षी, म्हणजे जुना रेणू अख्खा राहतो; विखुरलेली, म्हणजे प्रत्येक साखळीत जुने-नवे तुकडे मिसळतात) काढून दाखवा असे सांगितले की बहुतेकांचे हात थांबतात. एका पिढीनंतर दिसणारा एकच मधला पट्टा संरक्षी गृहीतक बाद करतो, पण विखुरलेल्या प्रतिकृतीचे गृहीतक तेवढ्याने बाद होत नाही. दुसऱ्या पिढीनंतर मधल्या पट्ट्याबरोबर हलका पट्टाही दिसतो, तेव्हा कोठे ते बाजूला पडते. विद्यार्थी येथे अडखळलाच पाहिजे, आणि तो अडखळतो तेव्हा मी त्याच्या बाकाशेजारी असले पाहिजे. जुन्या पद्धतीत तो रात्री एकटाच अडखळत असे.

फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले. पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी तासाला स्वतः प्रश्न सोडवतात व चर्चा करतात अशा, वर्गांत २१.८ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले होते. एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)

आपले उदाहरण उत्तम आहे, पण ते आपली बाजू सिद्ध करत नाही. नळीतल्या पट्ट्यांचा हाच प्रश्न मी व्याख्यान मध्येच थांबवून वर्षानुवर्षे विचारत आलो आणि त्यासाठी कोणालाही घरी चित्रफीत पाहावी लागली नाही. फ्रीमन यांचे आकडे सक्रिय अध्ययनाचे आहेत, उलट्या वर्गाचे नव्हेत. जेन्सन, कुमर आणि गोडॉय यांनी २०१५ साली जीवशास्त्राच्याच वर्गांत ही तुलना केली. दोन्हीकडे सक्रिय अध्ययन होते. वेगळे होते ते एवढेच की नवा आशय एकीकडे घरी, तर दुसरीकडे वर्गात पोहोचत होता. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. मग घरी पाठवण्याचा हा खटाटोप कशासाठी?

शिवाय काही गोष्टी समोरासमोरच सांगाव्या लागतात. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलेला लॅक ओपेरॉनचा, म्हणजे जीवाणूतील लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या गटाचा, युक्तिवाद त्यांपैकी आहे. ही जनुके बंद ठेवणाऱ्या रेप्रेसरचे जनुक निकामी झालेल्या जीवाणूत त्याची चांगली प्रत प्लास्मिडवरून (डीएनएच्या वेगळ्या छोट्या वर्तुळावरून) आणली, तर नियंत्रण परत येते. रेप्रेसर जेथे येऊन बसतो तो ऑपरेटर बिघडलेला असेल, तर मात्र चांगला ऑपरेटर प्लास्मिडवर आणून काही उपयोग होत नाही. रेप्रेसर हे पेशीत फिरणारे प्रथिन आहे आणि ऑपरेटर हा डीएनएचाच तुकडा असल्याने तो फक्त आपल्या शेजारच्या जनुकांवर चालतो, हे उत्तर मी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत पाहत उलगडतो. कोणाच्या कपाळावर आठी दिसली की दोन पावले मागे जातो. चित्रफितीला ती आठी दिसत नाही.

प्रतिसाद (विद्यार्थिनी, एम.एस्सी. द्वितीय वर्ष)

मागच्या वर्षी आम्हाला एक पेपर याच पद्धतीने शिकवला गेला. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली आहे. व्याख्यानात ‘अटेन्युएशन’ हा शब्द ऐकून वहीत उतरवेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून जात. चित्रफीत मात्र थांबवून पुन्हा ऐकता येई. हा फायदा मला फार मोठा वाटतो.

पण ज्यांनी ती पाहिलेली नसे, ते गटात गप्प बसत. त्यांच्यासाठी चित्रफितीतला सगळा भाग तासाला पुन्हा सांगितला जाई, त्यामुळे थोड्याच आठवड्यांत बाकीच्यांनीही पाहून येणे सोडले. न पाहणारे सगळे आळशी नव्हते. काही जण संध्याकाळी काम करत, आणि चारही पेपरांनी असाच गृहपाठ दिला असता तर मलाही तो झेपला नसता. वर्षभर प्रयोगांचा अर्थ लावायला शिकून विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र आम्हाला ‘टीपा लिहा’ हाच प्रश्न आला, याचे फार वाईट वाटले.

प्रतिसाद (अध्यापक, जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय)

माझ्या वर्गात ऐंशी विद्यार्थी आणि जमिनीला ठोकलेली बाके आहेत. मी एकटा कोणाकोणाच्या बाकाशेजारी उभा राहणार? संख्येचा विचार केल्याशिवाय या पद्धतीची शिफारस करू नये.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

जेन्सन यांच्या निष्कर्षावर आधारलेला आक्षेप मी मान्य करते. माझ्या वर्गात जो फरक पडला तो प्रश्नांमुळे पडला, चित्रफितीमुळे नव्हे. तरीही वेळेचा प्रश्न उरतोच. चार क्रेडिट म्हणजे साठ तास. त्यांत प्रतिकृतीच्या यंत्रणेतील प्रायमर, हेलिकेझ, ओकाझाकी तुकडे यांची पहिली ओळखही मीच करून द्यायची म्हटली, तर पट्ट्यांच्या प्रश्नाला अर्धा तास मी कोठून आणू? नावांची ओळख घरी व्हावी आणि युक्तिवाद वर्गात व्हावा, एवढ्यावर मी ठाम आहे. ऐंशी विद्यार्थ्यांना एकटी मीही पुरी पडणार नाही; तेथे शेजारच्या दोघांनी एकमेकांना उत्तर पटवून द्यावे आणि मग हात वर करावेत, इतके तरी ठोकलेल्या बाकांवरही होऊ शकेल.

विद्यार्थिनीने सांगितलेली चूक माझ्याही हातून झाली आहे. पुढच्या सत्रापासून चित्रफितीतला भाग मी तासाला पुन्हा सांगणार नाही. जे पाहून आलेले नसतील, त्यांना छापील पाने देऊन पहिली पंधरा मिनिटे वाचायला बसवीन. अंतर्गत परीक्षेत पट्ट्यांसारखेच प्रश्न असतील. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेसाठी अभ्यास मंडळाकडे लेखी मागणी करते आहे. लॅक ओपेरॉनची चित्रफीत मात्र मी काढून टाकली आहे. तो भाग यापुढे फळ्यावरच शिकवीन, आठ्या पाहत.