वजन कमी करण्याची इंजेक्शनं : टीमला प्रशिक्षणात नेमकं काय शिकवायचं?

निशिगंध :
सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड सुरू करणाऱ्या टीमचं प्रशिक्षण आखायचं आहे. टीममध्ये डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि आहारतज्ज्ञ आहेत. हाताशी असलेल्या साहित्यात औषध कसं काम करतं आणि चाचण्यांमध्ये किती वजन उतरलं, एवढंच आहे. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, टिर्झेपटाइडच्या सरमाउंट-१ चाचणीत ७२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसवर सुमारे २१ टक्के, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण पेशंटने फोन करून "दोन दिवस उलट्या होतायत, उद्याचं इंजेक्शन घेऊ का?" असं विचारलं तर उत्तर कुणी आणि काय द्यायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या डोसआधी काय तपासायचं, डोस वाढवायचा निर्णय कसा शिकवायचा आणि शिकलेलं पक्कं झालंय हे कसं बघायचं?

नाडी :
सुरुवात "कुणाला द्यायचं नाही" इथून करा. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर), मेन-२ (ग्रंथींमध्ये गाठी होणारा आनुवंशिक विकार), गरोदरपण, आधीच्या इंजेक्शनातल्या याच औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी, जठर रिकामं होण्याचा तीव्र त्रास. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाण्याच्या विकारांबद्दल थेट विचारायला शिकवा, कारण जेवण टाळणाऱ्या माणसाची भूक आणखी मारणं धोक्याचं आहे आणि पेशंट हे आपणहून सांगत नाही.

औषधांची यादी तपासणं हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. डायबेटिसच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचा डोस सुरुवातीलाच कमी करायचा विचार हवा. टाइप-१ डायबेटिसच्या पेशंटचं इन्सुलिन मात्र कुणीही परस्पर थांबवायचं नाही. डायबेटिक रेटिनोपथी (डायबेटिसमुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेली इजा) असेल तर पडद्याची तपासणी आधी, कारण साखर झपाट्याने उतरली की रेटिनोपथी काही काळ बिघडू शकते. वजन उतरू लागलं की बीपीच्या गोळ्याही जास्त ठरतात. चक्कर आली तर दोष नव्या इंजेक्शनावर ढकलण्याआधी पेशंटला उभं करून बीपी मोजा.

बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणून सुरू केल्यावर आणि प्रत्येक वाढीनंतर ४ आठवडे कंडोमसारखी दुसरी काळजी. हा प्रश्न कुणी विचारायचा, नर्सने की डॉक्टरने, ते नाव घालून ठरवा. दोघांनाही वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल.

आता डोस. वजनासाठी सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा ०.२५, ०.५, १, १.७, २.४ मिग्रॅ, प्रत्येक पायरी ४ आठवडे. टिर्झेपटाइड २.५ पासून सुरू, पुढे किमान ४ आठवड्यांनी २.५-२.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५. पहिली पायरी पोटाला सवय व्हावी म्हणून असते, त्यात वजन फारसं हललं नाही तरी औषध लागू पडत नाही असं नव्हे. टीमला हे पटवायलाच हवं, की चार आठवडे संपले म्हणून डोस वाढवलाच पाहिजे असं नाही. त्या दिवशी मळमळ चालू असेल तर त्याच पायरीवर थांबा किंवा एक पायरी खाली या. आणि कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर तिथेच राहिलं तरी चालतं.

औषधपेटी :
इंजेक्शनच्या पेनची फिल्म दाखवून भागवू नका, प्रत्येकाच्या हातात सरावाचं पेन द्या. चुका ठरलेल्या असतात. बटण दाबून लगेच सुई काढली की औषध त्वचेवर गळतं. अनेक डोसांच्या सेमाग्लुटाइड पेनमध्ये आकडा शून्यावर आल्यावर सुई आतच ठेवून सावकाश सहापर्यंत मोजायचं. प्रवाह, म्हणजे सुईतून औषध येतंय का, तपासायची पद्धतही पेनगणिक वेगळी : सेमाग्लुटाइडच्या अशा पेनला नवीन पेनच्या पहिल्या वापराआधी, टिर्झेपटाइडच्या क्विकपेनला (अनेक डोसांचं पेन) दर वेळी. सुई लावूनच पेन ठेवलं तर गळती होते, सुई चोंदते. क्विकपेनमधले चार डोस संपल्यावर आत थोडं औषध दिसतं, ते सिरिंजने ओढायचं नाही, हे पेशंटला आधीच सांगा.

न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं असेल तर वितळल्यावरही फेकायचं.

सर्वांत मोठी चूक मात्र कुपी आणि सिरिंजची. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडच्या, कंपनीऐवजी फार्मसीने मिश्रण करून दिलेल्या कुप्यांबाबत इशारा दिला, कारण ठरल्यापेक्षा ५ ते २० पट डोस गेले होते. मिग्रॅ, मिली आणि युनिट यांची सरमिसळ झाली की असं होतं. हे गणित प्रत्येकाकडून कागदावर करून घ्या : कुपीत एका मिलीला ५ मिग्रॅ असेल, तर ०.२५ मिग्रॅ म्हणजे ०.०५ मिली, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ५ युनिट. पेशंटने ५० ची रेघ धरली तर २.५ मिग्रॅ गेलं, दहापट. आणि कुपी २.५ मिग्रॅ प्रति मिलीची असेल तर त्याच ०.२५ साठी १० युनिट लागतात. म्हणून नुसते "युनिट" लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन परत पाठवायचं. मिग्रॅ, कुपीची तीव्रता आणि मिली तिन्ही हवेत. पेन मिळत असेल तर कुपी नकोच.

सायंपाळी :
फोनवरच्या उत्तरांसाठी एक पान बनवा आणि ते फोनजवळ लावा. पोटात तीव्र, न थांबणारी कळ, पाठीकडे जाणारी, उलटी असो वा नसो : औषध बंद, त्याच दिवशी हॉस्पिटल आणि लायपेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची रक्ततपासणी). स्वादुपिंडाची सूज ठरली तर पुन्हा सुरू करायचं नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे : पित्ताशय. अचानक नजर गेली : तातडीने डोळ्यांचे डॉक्टर, पुढचा डोस नाही. पाणीही टिकत नाही, लघवी कमी, उभं राहिल्यावर अंधारी : किडनीवर ताण येण्याआधी तपासायला बोलवा. अशा वेळी डायबेटिसच्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि लघवीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरने त्याच फोनवर सांगायचं.

तुमचा उलट्यांचा प्रश्न : उद्याचा डोस घेऊ नका, थोडं थोडं पाणी चालू ठेवा, आज बोलून घ्या. सेमाग्लुटाइडचं अर्धआयुष्य (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे एक आठवडा आहे, त्यामुळे डोस टाळल्यावरही मळमळ लगेच ओसरत नाही. हे सांगितलं नाही तर पेशंट घाबरून आठवड्यात चार फोन करतो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला शेवटच्या डोसची तारीख कळलीच पाहिजे. उपाशी असूनही जठरात अन्न राहू शकतं.

निशिगंध :
फार उपयोगी. डोस चुकला तर? आणि परीक्षा कशी घ्यायची?

औषधपेटी :
सेमाग्लुटाइड ५ दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशी. टिर्झेपटाइडला हीच मर्यादा ४ दिवस, आणि दोन डोसांत किमान ७२ तास. सलग दोन-तीन आठवडे चुकले तर जुना मोठा डोस थेट देऊ नका, खालच्या पायरीवरून सुरू करायचं का हे डॉक्टर ठरवतील. रिसेप्शनवर कुणी "चालेल, घ्या" म्हणायचं नाही.

नाडी :
लेखी परीक्षेवर विसंबू नका. प्रत्येकाने निरीक्षकासमोर तीन गोष्टी करून दाखवाव्यात : पेन देणं, कुपीचं गणित, आणि "पोटात दुखतंय" या फोनला उत्तर. गणितात एक चूक झाली तरी पुन्हा. डॉक्टरांसाठी चौथी जोडा : ग्लिमेपिराइड आणि बीपीच्या दोन गोळ्या घेणाऱ्या पेशंटचा पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा लिहून दाखवणं. आहारतज्ज्ञांना पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम यावर वेळ द्या, उतरलेल्या वजनात स्नायूही असतात. औषध थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगायचं, आणि सांगितल्याची नोंद केसपेपरवर करायची.