अनुभव धागा: ‘व्हेंजन्स’ने तुमची कधी फजिती केलीय?

सुरुवात माझ्यापासूनच करते. ऑफिसच्या क्रीडास्पर्धेत आमचा संघ दुसऱ्या विभागाकडून सपाटून हरला. मी उत्साहात सगळ्यांना मेल टाकली, ‘वुई विल टेक व्हेंजन्स ऑन देम नेक्स्ट इयर.’ डोक्यात होतं, पुढच्या वर्षी वचपा काढू. अर्ध्या तासात परदेशातल्या एका सहकाऱ्याचा खासगीत निरोप आला, ‘सगळं ठीक आहे ना? कोणी त्रास दिला का?’ तेव्हा कळलं की खेळातल्या वचप्याला इंग्रजीत ‘रिव्हेंज’ पुरतो. ‘वुई विल गेट अवर रिव्हेंज’ म्हटलं असतं तर सगळे हसले असते. ‘व्हेंजन्स’ म्हणजे खून, शाप, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. टेबल टेनिससाठी जरा जास्तच.

तुमचेही किस्से येऊ द्या. चुका आधी, व्याकरण नंतर!

*

मी भाषांतराची कामं करतो. नवखा असताना एक वाक्य आलं, ‘विंटर रिटर्न्ड विथ अ व्हेंजन्स.’ मी बिनधास्त लिहिलं, ‘हिवाळा सूड घेऊन परतला.’ संपादकांनी लाल शाईत विचारलं, ‘कोणाचा? स्वेटरवाल्यांचा?’

रोजच्या इंग्रजीत हा शब्द सगळ्यात जास्त भेटतो तो या वाक्प्रचारात, आणि गंमत म्हणजे इथे सुडाचा पत्ताच नसतो. नुसता जोर असतो. खोकला थांबला असं वाटावं आणि त्याने पुन्हा हात धुवून मागे लागावं, उपटलेलं तण दुप्पट उगवावं, महिनाभर पुस्तक न उघडलेल्याने एकदम रात्री जागवायला लागावं, सगळीकडे ‘विथ अ व्हेंजन्स’ शोभतं. म्हणजे वाईट गोष्टींनाच लागतं असंही नाही. मराठीत मी आता ‘सगळी कसर भरून काढली’ किंवा ‘दुप्पट जोराने’ लिहितो. कधी ‘व्याजासकट’सुद्धा चालून जातं.

एक मात्र घोटून ठेवा, त्यातला ‘अ’ गाळायचा नाही. एरवी या नामाला ‘अ’ सहसा लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही, म्हणून शहाणी माणसं तो ‘सुधारायला’ जातात. मीही एकदा गेलो होतो.

*

‘रेक व्हेंजन्स’ असं कितीतरी वर्षं म्हणत होते. शब्द ‘रीक’ आहे, म्हणजे उगवणे. ‘रेक’ म्हणजे मोडतोड. थोडक्यात मी सुडाचाच चुराडा करत होते. भूतकाळ ‘रीक्ट’, आणि त्यावर मी अजूनही अडखळते.

*

शिक्षिका आहे, त्यामुळे किस्से पोत्याने. एकाने लिहिलं होतं, ‘ही व्हेंजन्स्ड हिज एनिमी.’ मी वर्गाला विचारलं, आपण तरी कुठे ‘त्याने शत्रूला सूडलं’ म्हणतो? सूड घ्यावा लागतो, उगवावा लागतो. तसंच तिकडेही टेक, सीक, स्वेअर असं काहीतरी जोडावं लागतं. एका शब्दात क्रियापद हवं असेल तर ‘अव्हेंज’.

आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. ‘ही अव्हेंज्ड हिज ब्रदर’ वाचून अर्ध्या वर्गाला वाटलं, भावालाच धडा शिकवला. खरं तर भावावर अन्याय झाला होता आणि याने त्याची परतफेड केली. मुलांना हसू नका, कारण आपलं ‘भावाचा सूड घेतला’ हेही दोन्हीकडे फिरतं. इंग्रजीत गोंधळ नको असेल तर ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच्या आधी ‘ऑन’, ज्या कृत्यासाठी उगवायचा त्याच्या आधी ‘फॉर’.

*

वरच्या बाईंना दुजोरा. मी ‘व्हेंजन्स विथ हिम’ लिहायचो. मनात ‘त्याच्याशी हिशेब चुकता करायचा’ हे चाललेलं असायचं ना!

*

मला शब्दांची कुळं शोधायचा नाद आहे, म्हणून थोडं विषयांतर. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मूळ लॅटिन ‘विंडिकारे’. दावा सांगणे, शिक्षा देणे, असे त्याचे अर्थ. रिव्हेंज, अव्हेंज, व्हिंडिक्टिव्ह ही सगळी त्याचीच भावंडं, इटालियन ‘व्हेंडेटा’ जवळचा नातलग. त्याच घरातलं ‘व्हिंडिकेट’ मात्र सरळमार्गी निघालं. त्याचा अर्थ आरोपातून मुक्त करणे, म्हणणं खरं ठरवणे. मी एका पत्रात ‘आय फील व्हिंडिकेटेड’चा अर्थ ‘माझा सूड पूर्ण झाला’ असा लावून पाठवणाऱ्याला चार दिवस टाळलं होतं.

धागाकर्तीला शब्द जड का लागला, त्याचं एक कारण बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात सापडतं. तिथे देव सांगतो की व्हेंजन्स माझा आहे, परतफेड मी करीन. शिक्षा देण्याचा हक्कच देवाकडे. असा शब्द टेबल टेनिसच्या मेलमध्ये आला की समोरचा दचकणारच.

*

स्पेलिंगबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मी जी नंतरचा ई हमखास खायचो. एकाने समजावलं की तो ई काढलास तर जी कडक होतो आणि वाचणारा ‘व्हेंगन्स’ म्हणेल. तेव्हापासून तो ई उच्चारात नसला तरी पहारेकरी समजून ठेवतो.

*

धागाकर्ती पुन्हा हजर. सगळ्यांचे आभार, मेलच्या जखमेवर छान फुंकर बसली. यंदाच्या स्पर्धेसाठी संघाच्या टीशर्टवर ‘बॅक विथ अ व्हेंजन्स’ छापायचं ठरलं. भाषांतरकार दादांचं ऐकून तो ‘अ’ मी स्वतः दोनदा तपासला. काल गठ्ठा आला. ‘अ’ अगदी ठळक, जागच्या जागी आहे. पहारेकरी ई तेवढा सगळ्या टीशर्टांवरून गायब.