रि: रि: रविवारचं पिल्सनचं जेवण, हिशोब आणि बीन्सची भानगड

नमस्कार मंडळी,

रविवारी शिकागोतल्या पिल्सन ह्या मेक्सिकन वस्तीत मंडळाच्या जेवणाला आलेल्या सगळ्यांचे आभार. एकोणीस जण होतो, त्यात सहा पोरं आणि नेपरव्हिलच्या वहिनींच्या सासूबाई ज्या सध्या साताऱ्याहून आल्यात. बिल टिपसकट माणशी २२ डॉलर पडलं, पोरं धरली नाहीत. दुकानात फक्त कॅश चालते हे मला आधी माहीत नव्हतं, त्यामुळे मी कोपऱ्यावरच्या एटीएमला पळालो, तीन डॉलर फी गेली ती माझ्याकडून मंडळाला देणगी समजा. पाच जणांचे पैसे यायचेत. नावं लिहीत नाही, ज्याचं त्याला माहितीय.

— खजिनदार

- - -

खजिनदारसाहेब,

त्या पाचातला एक मी. पैसे देतो, पण आधी थोडं बोलायचंय. आमच्या घरी नॉनव्हेज अजिबात चालत नाही हे मंडळात सगळ्यांना माहितीय. मी त्या वाढणाऱ्या मुलीला तीनदा सांगितलं व्हेजिटेरियन व्हेजिटेरियन, ती हसून हो म्हणाली, आणि अर्धी वाटी बीन्स पोटात गेल्यावर शेजारून कोणीतरी म्हणतं की ह्यात डुकराची चरबी असते! बायकोने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच, घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. वर पन्नास मिनिटं थांबलो, चिप्स-सालसाचे वेगळे पैसे लावले जे आमच्या शॉमबर्गला मॉलमधल्या मेक्सिकन हॉटेलात बसल्याबसल्या फुकट येतात, टॅकोवर चीज नाही, क्रीम नाही, नुसता कांदा-कोथिंबीर. ऑथेंटिक म्हणजे हेच असेल तर आपल्याला मॉलमधलंच बरं.

— शॉमबर्गकर

- - -

दादा, चरबीचं मनापासून वाईट वाटलं. मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोरांमध्ये अडकले होते नाहीतर आधीच बोलले असते. १८व्या स्ट्रीटपासून चार ब्लॉकवर अकरा वर्षं राहतेय म्हणून लिहिते, लांबलं तर डिलीट करा.

त्या मुलीने फसवलं नाही हो. तिच्या लेखी ताटात मटणाचा तुकडा नाही म्हणजे झालं व्हेजिटेरियन. नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे बिनामटणाचं असं सांगितलं तरी भागत नाही, कार्ने म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफ-पोर्क येतं, कोंबडीचं वेगळं विचारावं लागतं, आणि चरबी तर बिचारी कोणाच्या खिजगणतीतच नाही, ती त्यांच्या फोडणीचं तेल आहे. म्हणून थेट नाव घेऊन विचारायचं, बीन्समध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी आहे का आणि भातात काल्दो दे पोयो म्हणजे कोंबडीचं पाणी आहे का. तो केशरी भात टोमॅटोचा दिसतो पण पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. तामाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेलं, नुसत्या चीजचं असलं तरी पिठातच चरबी फेटलेली असते, तिकडे तुम्ही जाऊच नका. मग राहिलं काय? नोपालेस, म्हणजे आपला फड्या निवडुंग, काटे काढून तव्यावर परतलेला, थोडा भेंडीसारखा चिकट. रहास, म्हणजे पोब्लानो मिरच्या भाजून सालं काढून उभ्या चिरून क्रीममध्ये. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून घडी घातलेली तोर्तिया, त्यांची मक्याची भाकरी. आणि धीर असेल तर वित्लाकोचे, मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, दिसायला भयंकर पण चव अळंबीकडे जाणारी. हे सगळं बोर्डावर होतं दादा, तुम्ही बरिटो मागितलात. तरी प्रत्येक वेळी विचारायचंच, कारण तवा एकच असतो.

पन्नास मिनिटांचं म्हणाल तर ती चूक आपली. रविवारी साडेबाराला, फोन न करता, एकोणीस माणसं! ही वेळ चर्चमधून थेट आलेल्या घरच्या घरांची. त्यात काही पदार्थ फक्त शनिवार-रविवारीच होतात, मेनूदो म्हणजे सरळ आपली वजडी, लाल रश्श्यात मक्याचे मोठे फुललेले दाणे घालून, आदल्या रात्री जास्त झालेल्यांचा उतारा. पोसोले, त्याच दाण्यांचा मटण घातलेला रस्सा, तसंच. आखाडातल्या शेवटच्या रविवारी मटणाच्या दुकानासमोर जाऊन आम्ही एकोणीस, लवकर द्या म्हणून बघा काय उत्तर मिळतं.

आणि चीज. ते पिवळं किसलेलं चीज, फुकटच्या चिप्स, कडक घडीचा टॅको, ही सगळी टेक्साससारख्या सीमेकडच्या राज्यांत इकडे वाढलेली मंडळी, त्यांचं वाईट बोलणार नाही, मलाही रात्री अकराला तेच लागतं. पण आपल्या भागातले बरेच लोक मूळचे मेक्सिकोतल्या मिचोआकान, हालिस्को, ग्वानाहुआतो ह्या राज्यांतले. मिचोआकानवाल्यांचं कार्नीतास, म्हणजे डुकराचं मटण त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवलेलं, ते पौंडावर विकतात, चरबीचं की बिनचरबीचं सांगायचं, कातडी हवी तर तीही. हालिस्कोची बिर्रिया मूळची बोकडाची. ज्यांनी रविवारी ती खाल्ली त्यांनी कबूल करा, बोकड आहे आणि हाडासकट आहे ह्यातच निम्मं घर आलं. ग्वाहियो मिरची आपल्या ब्याडगीसारखी, रंग भरपूर नि तिखट बेताचं, भाजून भिजवून वाटतात, त्यात लवंग दालचिनी जिरं. तांबडा रस्सा नाहीये तो, खोबरं नाही, त्यांचा तो ओरेगानोचा वास वेगळाच, पण वाटी तोंडाला लावून प्यायल्यावर घाम तसाच येतो. त्यावर कोणी चीज मागितलं ते मी पाहिलंय. असो.

— पिल्सनवाली

- - -

आमच्या सासूबाईंचा किस्सा कोणीच लिहिला नाही म्हणून मी लिहिते. सगळे टेबलाची वाट बघत होते तेव्हा त्या गायब. बघते तर आत तव्यापाशी! ती तोर्तिया भाजणारी बाई साठीची असेल, तिला इंग्रजी येत नाही, आमच्या आईंना मराठीशिवाय काही येत नाही, आणि दोघींचं छान चाललेलं. आई मला म्हणाल्या, विचार तिला, पिठाची उकड काढलीय का, कारण इतकी लवचिक भाकरी मक्याची होत नाही, तुटते. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं तर त्या बाईने मागून बादली ओढली, मक्याचे दाणे पाण्यात भिजलेले, साल सुटायला लागलेली, आणि एक पांढरी पिशवी दाखवून 'काल' असं म्हणाली. आईंनी चिमूट घेऊन बोटावर चोळली नि म्हणाल्या अगं हा तर चुना! विड्याचाच ना? रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून तसंच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात. मग आईंनी एक तोर्तिया स्वतः उलटली, बोटांनी, उलथनं न घेता, आणि ती टम्म फुगली. त्या बाईने बघितलं, काही बोलली नाही, पण आमच्या टेबलावर दहा तोर्तिया जास्त आल्या, बिलात नव्हत्या. खजिनदारांनी तपासावं.

— नेपरव्हिलची वहिनी

- - -

चुन्यावरून राहवत नाही म्हणून. मक्यातलं नियासिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, शरीराला लागत नाही अशा रूपात अडकलेलं असतं, चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. मेक्सिकोत हे हजारो वर्षांपूर्वीपासून करत आलेत. युरोपियन लोकांनी मका नेला पण चुना तिथेच सोडून आले, आणि उत्तर इटलीत गरीब लोक नुसत्या मक्यावर जगायला लागले तसा पेलाग्रा नावाचा रोग पसरला, कातडी सोलवटते, जुलाब होतात, शेवटी भ्रम. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच झालं. शॉमबर्गकर, चरबीने काही होणार नाही, एकदाच खाल्लीत. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मात्र तुम्ही अजून पाठवलेला नाही.

— डॉक्टरकाका

- - -

डॉक्टरकाका, मक्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या वर्ध्याला विसरू नका बाप्पा. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, गदर चळवळीतले, इंग्रजांमुळे परत येता येईना तर मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले आणि मक्याच्या नवीन वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा ह्या मेक्सिकन चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर चित्रं काढलीत, त्यातल्या एकात टेबलाच्या मधोमध बसून भाकरी मोडणारा माणूस आहे ना, तो आमचा खानखोजे. चापिंगोला २०२२ मध्ये पुतळाही बसवला. आमच्या घरून कोणाला सांगितलं तर म्हणतात, मेक्सिकोत? वर्ध्याचा? आन काहून?

— वर्ध्यावाली

- - -

सगळ्यांचं वाचलं. चरबीचं पटलं, चूक आमची, बोर्ड वाचायला हवा होता. चिप्सचं पटलेलं नाही. बायको म्हणते निवडुंग खाऊन बघायला हरकत नाही पण वेगळा तवा असेल तरच. रिपोर्ट पाठवतो काका.

— शॉमबर्गकर

- - -

वेगळा तवा मी आधी फोन करून विचारते, मंगळवार-बुधवारी दुपारी तीनला जाऊया, तेव्हा दुकान रिकामं असतं आणि त्या बायकांना बोलायला वेळ असतो. ऑक्टोबरच्या शेवटी जमवा. तिथून हॅरिसन पार्कमधलं मेक्सिकन कलेचं नॅशनल म्युझियम चालत जाण्याइतकं जवळ आहे, १९८७ पासून तिथेच, तिकीट नाही. दर शरदात डे ऑफ द डेडचं, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या मेक्सिकन सणाचं प्रदर्शन असतं, गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला आवडायचं ते जेवण, आणि सगळीकडे झेंडू. नेपरव्हिलच्या आई तोपर्यंत आहेत ना?

— पिल्सनवाली

- - -

आहेत, तिकीट नोव्हेंबरचं आहे. त्या विचारतायत की तो चुना कुठे मिळतो आणि विमानात चालतो का.

— नेपरव्हिलची वहिनी

- - -

जास्तीच्या दहा तोर्तिया खरंच बिलात नाहीत, तपासलं. तीन जणांचे पैसे अजून बाकी आहेत. पुढच्या वेळी सगळ्यांनी कॅश आणा, सुटे आणा.

— खजिनदार